फीड कुणाचं?

'फीड' हा शब्द आपण मराठीत जसाच्या तसा घेतला आणि दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली आल्या. इन्स्टाग्रामवर अंगठ्याखाली सरकत राहतं ते एक फीड. एखाद्या संकेतस्थळावर नवा लेख आला की तो आपल्या यादीत आणून ठेवतं ते दुसरं, वेब फीड. पहिल्यात क्रम कंपनी लावते. दुसऱ्यात यादी आपली आणि क्रम तारखेचा. मराठी वाचकाने हे दुसरं फीड फार सहज हातचं जाऊ दिलं, अशी माझी तक्रार आहे.

त्याची रचना साधी आहे. संकेतस्थळ एक छोटी फाइल ठेवतं: शीर्षक, दुवा, तारीख, थोडा किंवा पूर्ण मजकूर. आपल्या फोनमधलं रीडर अ‍ॅप ती फाइल अधूनमधून पाहून येतं आणि नवं काही असलं तर दाखवतं. त्यासाठी त्या संकेतस्थळाला ना ईमेल द्यावा लागतो, ना मोबाइल नंबर. 1999 मध्ये नेटस्केप कंपनीत याचा पहिला आराखडा झाला. तो करणाऱ्यांत भारतात जन्मलेले रामनाथन गुहा होते. 'आरएसएस' हे त्याचं रूढ नाव. आपल्याकडे हे नाव घेतलं की समोरचा थेट शाखेवरच पोहोचतो, हा भाग वेगळा.

मराठीत याची गोडी 'मराठी ब्लॉग विश्व'ने लावली. नोंदवलेल्या ब्लॉगांवरचं ताजं लेखन तिथे एकाखाली एक दिसायचं. पुढे 1 जुलै 2013 रोजी गूगल रीडर बंद झालं. लिहिणारे फेसबुककडे वळले होतेच, वाचणारेही गेले.

याचा लिहिण्यावर काय परिणाम झाला, हे समीक्षेने पाहायला हवं. पहिल्या दोन ओळींत वाचकाला पकडलं नाही तर लेख गेलाच, या धास्तीने आज बरेच जण लिहितात. सुरुवात भडक होते, मधला भाग पातळ होतो. शिवाय रोज हजेरी लावणाराच दिसत राहतो. चार महिन्यांतून एक कसदार लेख लिहिणारी लेखिका त्या गर्दीत कुठे असते? वेब फीडमध्ये ती असते. ती वर्षभर गप्प राहिली तरी तिची जागा जात नाही. लिहील त्या दिवशी लेख आपल्यापुढे येतो. मराठीला ही सवय नवी नाही. 1909 मध्ये 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपण वर्षातून एकदा येणाऱ्या वाचनाची वाट पाहत आलो आहोत. वर्गणीदार म्हणजे वाट पाहायला तयार असलेला वाचक.

आणि हे फक्त साहित्यापुरतं नाही. मी डोलवीत राहतो. इथे पोलादाचा मोठा कारखाना आहे आणि शेजारी धरमतरची खाडी. 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार, जनसुनावणी लागू असलेल्या मोठ्या प्रकल्पासाठी किंवा त्याच्या विस्तारासाठी लोकांना किमान 30 दिवसांची सूचना द्यावी लागते. सूचना वर्तमानपत्रात येते, अहवालाचा सारांश संकेतस्थळावर. पण तो आला हे गावातल्या पोराला कळणार कसं? कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवला तर. अशा पानांना चालू फीड असेल तर कुणाच्या आठवणीवर अवलंबून राहावं लागणार नाही. हे शक्य आहे: राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं 'सचेत' पोर्टल धोक्याचे इशारे फीडमधूनही देतं.

पेणच्या खाडीकाठच्या खारबंदिस्तीला उघाडी असते. ओहोटीला आतलं पाणी बाहेर जातं. भरतीला दार मिटतं आणि खारं पाणी बाहेरच थांबतं. पाणी अडवणं एवढंच बांधाचं काम नसतं. कोणतं, कधी, कुठल्या बाजूने, हे तो ठरवतो. आपल्या फोनला अशी उघाडी नाही. भरती मात्र चोवीस तास.

वेब फीडचे दोषही सांगायला हवेत. बहुतेक रीडर अ‍ॅप न वाचलेल्या लेखांचा आकडा डोक्यावर मिरवतात, जणू ती थकबाकी आहे. आठवडाभर उघडलं नाही की 240 चा आकडा पाहून माणूस अ‍ॅपच काढून टाकतो. ही आखणी ईमेलची आहे, वाचनाची नाही. काही संकेतस्थळं फीडमध्ये दोनच ओळी देऊन बाकीच्यासाठी आपल्या जाहिरातींकडे बोलावतात. आणि सगळ्यात मोठा धोका हा की फक्त निवडलेलंच वाचत राहिलं तर अनपेक्षित काही भेटतच नाही. ग्रंथालयात हव्या त्या पुस्तकाशेजारचं पुस्तक हाती लागतं, तसं इथे होत नाही. म्हणून यादीत आपल्याशी न पटणारे दोन-तीन जण मुद्दाम ठेवावेत.

सुरुवात लहान करा. वर्डप्रेसवरच्या बहुतेक ब्लॉगांच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन इंग्रजीत 'फीड' लिहिलं की ती फाइल मिळते. दहा पत्ते निवडा, न वाचलेल्यांचा आकडा सेटिंगमधून बंद करता येत असेल तर करा आणि महिनाभर तेवढंच वाचा. मग दोन याद्या शेजारी ठेवा: या महिन्यात मी काय वाचलं, आणि मला काय वाचायला लावलं.