अपयशी वाचनाची नोंद : क्लाउड संगणनातील कॅशिंगची एक चिकित्सा

दूरच्या सर्व्हरवरील माहिती वारंवार मागवावी लागू नये म्हणून तिची प्रत जवळ साठवण्याच्या पद्धतीस ‘कॅशिंग’ म्हणतात. तिची चर्चा बहुधा वेगाच्या अंगाने होते. मूळ माहितीचे वाचनच अयशस्वी झाल्यास त्याची नोंद कशी करावी, हा प्रश्न मात्र मागे पडतो.

‘माहिती नाही’ आणि ‘माहिती वाचता आली नाही’ ही दोन भिन्न विधाने आहेत. भाट्ट मीमांसकांनी ‘अनुपलब्धी’ हे स्वतंत्र प्रमाण मानले. परंतु त्यास योग्यतेची अट घातली. उजेडात घट दिसला नाही तर त्याचा अभाव सिद्ध होतो. अंधारात दिसला नाही तर काहीच सिद्ध होत नाही. अपयशी वाचनाला रिकामे उत्तर समजणारी प्रणाली अंधारातच निष्कर्ष काढते.

२३ सप्टेंबर २०१० रोजी फेसबुक सुमारे अडीच तास बंद पडले, ते अशाच गल्लतीमुळे. एका सदोष मूल्यामुळे असंख्य यंत्रे एकाच वेळी मूळ डेटाबेसकडे वळली. भारामुळे त्रुटी येऊ लागताच त्या त्रुटीलाच ‘अवैध मूल्य’ समजून यंत्रांनी कॅशमधील प्रत पुसली व पुन्हा विचारणा केली. मूळ दोष दूर होऊनही हे चक्र थांबले नाही.

इंटरनेटच्या नामप्रणालीत मार्च १९९८ च्या ‘आरएफसी २३०८’ने ‘नाव अस्तित्वात नाही’ आणि ‘सर्व्हर अपयशी ठरला’ यांत भेद केला. दुसऱ्या प्रकारची नोंद पाच मिनिटांहून अधिक ठेवण्यास मनाई केली. मात्र ती ठेवणे ऐच्छिकच राहिले. ते बंधनकारक झाले डिसेंबर २०२३ च्या ‘आरएफसी ९५२०’ने. पाव शतकाचा हा विलंब समर्थनीय म्हणता येणार नाही.

माढा तालुक्यातील मोडनिंबसारख्या गावास हा प्रश्न परका नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यातील शेतकरी मोबाइलवरून ई-पीक पाहणी करू लागले; ती नोंद सातबाऱ्याशी निगडित आहे. अशा कोणत्याही व्यवस्थेत संपर्क तुटल्यावर ‘नोंद आढळली नाही’ असे उत्तर साठवले गेले, तर पेरणी केलेला शेतकरी कागदोपत्री पडीक जमिनीचा धनी ठरेल.

तात्पर्य, अपयशाची नोंद कारण, वेळ आणि अल्प मुदत यांसह स्वतंत्रपणे व्हावी. जुनी प्रत पुसू नये, ती जुनी असल्याचे दर्शवावे. मुदत दीर्घ ठेवल्यास दुरुस्तीनंतरही अपयशच दिसत राहील, हेही ध्यानी घ्यावे लागेल. अज्ञानास अभाव न म्हणणे, हा या व्यवस्थेच्या प्रामाणिकपणाचा पहिला निकष होय.