‘शाकुंतला’तील विस्मृती आणि परिचयबोध : एक चिकित्सा

प्रस्तावना

साखरी-नाटे बंदरावर नित्य मासळी विकणारी स्त्री राजापूरच्या एस.टी.त शेजारी येऊन बसली, तर चेहरा ओळखीचा वाटतो. पण ती कोण, हे आठवत नाही. जॉर्ज मँडलर या मानसशास्त्रज्ञाने १९८० मध्ये बसमध्ये भेटलेल्या खाटकाचे असेच उदाहरण देऊन परिचयबोध आणि प्रसंगस्मरण यांतील भेद स्पष्ट केला. कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतला’चा विषयच ओळख हा आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ते ‘संगीत शाकुंतल’ या रूपाने मराठी रंगभूमीवर आणले. दुष्यंताच्या विस्मृतीवर उपरोक्त भेदामुळे कितपत प्रकाश पडतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मेंदूविज्ञानाची भूमिका

पूर्वी पाहिलेली गोष्ट पुन्हा समोर आली असता ३०० ते ५०० मिलिसेकंदांच्या दरम्यान डोक्याच्या पुढील मध्यभागी नोंदल्या जाणाऱ्या विद्युतलहरीत फरक दिसतो. त्याचा संबंध परिचयबोधाशी जोडला जातो. ५०० ते ८०० मिलिसेकंदांतील, डावीकडे मागच्या बाजूस दिसणारा फरक प्रसंगस्मरणाचा मानतात. पहिल्याचे स्थान पेरिऱ्हायनल कॉर्टेक्स, तर दुसऱ्याचे हिप्पोकॅम्पस, असेही प्रतिपादन आहे. मात्र हा फरक स्मृतीच्या प्रकाराचा नसून बळाचा असावा, असा आक्षेप लॅरी स्क्वायर व जॉन विक्स्टेड यांनी घेतला आहे. म्हणून या सिद्धांताचा उपयोग साहित्यात जपूनच करावयास हवा.

विवेचन

महाभारतातील दुष्यंताला सारे आठवत असते. तरीही तो शकुंतलेला नाकारतो. कालिदासाने दुर्वासाचा शाप योजून असत्याच्या जागी विस्मृती आणली. त्यामुळे नायक निर्दोष ठरतो, असे सामान्यतः मानले जाते. पाचवा अंक मात्र इतका सरळ नाही.

हंसपदिकेचे गीत ऐकून राजा अकारण व्याकूळ होतो. यास परिचयबोध म्हणणे अतिव्याप्त ठरेल. कारण ओळखावी अशी व्यक्ती तेथे समोर नाही. अंकाच्या शेवटी स्थिती निराळी आहे. शकुंतला येऊन गेली आहे. विवाह आठवत नाही, पण हृदयाची वेदना जणू तो झाल्याची खात्री पटवते, असे राजा स्वतःच म्हणतो. शापाने प्रसंग पुसला. ओळखीची ऊब पुरती पुसली नाही.

परिचयबोध फसवाही असतो. अनोळखी चेहराही ओळखीचा भासतो. केवळ त्याच्या आधारे परस्त्रीचा स्वीकार करणे राजाला अधर्म्य वाटले, यात दोष नाही. दोष आहे तो न आठवणे हाच न घडल्याचा पुरावा मानण्यात. आपण भ्रमिष्ट की ही असत्य बोलते, हा प्रश्न राजा पुरोहिताला विचारतो. पण तत्पूर्वीच त्याने समस्त स्त्रीजातीच्या उपजत कपटावर बोट ठेवलेले असते. पुराव्याचा सारा भार अंगठी हरवलेल्या गर्भवतीवर पडतो. प्रसूतीपर्यंत तिला आपल्या घरी ठेवावे, हा पुरोहिताचा सल्लाच त्या सभेतील विवेकाचा एकमेव स्वर होय.

निष्कर्ष

सातव्या अंकात दुष्यंत आपल्या मनोविकाराला हत्तीची उपमा देतो : समोर असता ‘हत्ती नव्हे’ म्हणावे, गेल्यावर शंका यावी आणि पाऊलखुणा पाहून खात्री पटावी. शाप दुष्यंताला विस्मरणाच्या दोषातून मुक्त करतो. त्या विस्मरणावर विसंबून केलेल्या अवमानातून नाही. मेंदूविज्ञान कालिदासाला प्रमाणपत्र देत नाही आणि त्याला त्याची गरजही नाही. परंतु स्मृतीचे मौन आणि सत्य यांत अंतर असते, हे त्यामुळे अधिक स्पष्ट होते. आणि शकुंतलेवरील अन्याय केवळ दैवाच्या माथी मारता येत नाही.