फुंकणीच्या टोकावरचा पेला आणि आपला ‘काच’ हा धडा

शालेय विज्ञानात काच भेटते ती बहुधा एका परिच्छेदापुरती. वाळू, सोडा आणि चुनखडी यांचे मिश्रण भट्टीत तापवले की काच तयार होते. तिचे प्रकार अमुक, उपयोग तमुक. आणि खाली स्वाध्याय : ‘काचेचे कोणतेही चार उपयोग लिहा.’ पाठ्यपुस्तके बदलली, मुखपृष्ठे रंगीत झाली, पण हा परिच्छेद थोड्याफार फरकाने तसाच राहिला. त्यात चुकीचे असे फारसे काही नाही. आमची तक्रार वेगळी आहे. या परिच्छेदातून पेला काही तयार होत नाही. भट्टीतला चिकट रस आणि टेबलावरचा पेला यांच्यामधली सगळी वाट धड्याने गाळली आहे, आणि काचेचे खरे विज्ञान नेमके त्याच वाटेवर आहे. चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत शिकवताना तर यामुळे आणखी एक नुकसान होते. त्याकडे आपण पुढे येऊच.

आधी हाताने फुंकलेला एक पेला घेऊ. कारागिराजवळ सुमारे दीड मीटर लांबीची पोकळ लोखंडी नळी असते. तिला फुंकणी म्हणायला हरकत नाही. चुलीपुढच्या फुंकणीचीच ती थोरली बहीण. तिचे टोक भट्टीतल्या रसात बुडवून फिरवले की मध चमच्याला लागावा तसा काचेचा गोळा टोकाला लागतो. हा गोळा गुळगुळीत पाट्यावर लोळवून सारखा करायचा, फुंकर मारून त्यात हवेचा लहानसा फुगा धरायचा आणि मग फुंकणी सतत फिरवत, मधूनमधून भट्टीच्या तोंडाशी पुन्हा तापवत तो वाढवायचा. फिरवणे थांबले की गोळा आपल्याच वजनाने एका बाजूला लोंबतो. काही वेळा फुगा साच्यात धरून फुंकतात, काही वेळा केवळ चिमटे, ओली लाकडी साधने आणि नजर यांच्यावर भागवतात. ही युक्ती इसवी सनपूर्व पहिल्या शतकात भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर, सीरिया-पॅलेस्टाइनच्या मुलखात निघाली. त्याआधी सुमारे दीड हजार वर्षे माणूस काचेची भांडी करत होता, पण गाभ्याभोवती काच गुंडाळून किंवा साच्यात घालून. फुंकणी आली आणि राजवाड्यातले काचेचे भांडे काही पिढ्यांत सामान्य घरात आले.

आता धड्याने विचारायला हवा होता असा प्रश्न : काचच का फुंकता येते? शिसे, लोखंड किंवा बर्फ का नाही?

बर्फ शून्य अंशाला वितळतो, शिसे ३२७ अंशांना. त्याच्या खाली घन, वर पातळ द्रव; मधली अवस्था जवळजवळ नाहीच. काचेला असा एक ठरावीक द्रवणांक नसतो. नेहमीच्या सोडा-चुना काचेचा रस सुमारे १४०० अंश सेल्सिअसला काकवीसारखा वाहता असतो. हजार-अकराशे अंशांच्या आसपास तो फुंकण्याजोगा घट्ट होतो. सातशेच्या खाली हट्टी बनतो आणि साडेपाचशेच्या सुमारास व्यवहारात घनच होतो. ही शेकडो अंशांची मधली पट्टी हेच कारागिराचे अंगण. मुलांना हे समजावायला भट्टीची गरज नाही. साखरेचा पाक एकतारी, दोनतारी होत शेवटी टणक होतो, हे त्यांनी घरी पाहिलेले असते. चिक्कीचा पारदर्शक, कडक पाक ही शास्त्रीय अर्थानेसुद्धा एक काचच आहे. रेणूंना स्फटिकात नीट रांगा लावायला सवड न मिळता द्रव गोठला, की अशी काच मिळते.

पण चिकटपणा एवढ्यानेच पेला सारख्या जाडीचा होत नाही. रबरी फुगा फुगवताना जिथे रबर पातळ पडले तिथेच ते आणखी ताणते आणि शेवटी तिथेच फुटते. काचेच्या फुग्याचे उलट असते. एखादी जागा पातळ झाली की ती भराभर निवते, निवली की घट्ट होते आणि ताणायची थांबते. मग पुढची फुंकर शेजारच्या जाड, अजून गरम असलेल्या भागाला ताणते. म्हणजे चूक आपोआप सावरली जाते. कारागीर केव्हा फुंकायचे आणि केव्हा थांबून निवू द्यायचे हे ठरवतो, ते या गुणाच्या भरवशावर. आमच्या मते सगळ्या धड्यात शिकवण्यासारखी याहून सुंदर गोष्ट नाही, आणि ती धड्यात नाही.

पेल्याची पारख कशी करावी याबद्दलही थोडे बोलू. प्रदर्शनांतून अलीकडे असे सांगितले जाते की काचेतले बारीक बुडबुडे ही हस्तकलेची खूण. आम्हांला हे पटत नाही. ते बुडबुडे बहुतेक वेळा भट्टीचे असतात, हाताचे नव्हेत. सोडा आणि चुनखडी ही कार्बोनेटे; तापली की कार्बन डायऑक्साइड सोडतात. रस पुरेसा गरम आणि पुरेसा वेळ राहिला नाही तर हा वायू वर निघून न जाता आतच अडकतो. बुडबुडे मुद्दाम घालून यंत्रावरही पेले काढता येतात. हाताची खरी खूण पाहायची तर कडेला बोट फिरवावे. कड कापून नुसती घासली असेल तर बोटाला धार जाणवते. ज्योतीत पुन्हा वितळवली असेल तर ती गोल आणि ओठाला मऊ लागते. मग पेला उलटा करून बूड पाहावे. तोंड घडवताना पेला फुंकणीवरून काढून बुडाशी एका सळईला चिकटवला असेल, तर तिथे सळई मोडून काढल्याचा व्रण असतो. चांगला कारागीर तो घासून सपाट करतो. आणि शेवटी पेला हातात तोलावा. बूड किंचित जड, अंग पातळ, जाडी वरपर्यंत हळूहळू उतरत गेलेली, असा पेला टेबलावर ठाम बसतो. दोषांचे कौतुक करण्यापेक्षा ही पारख शिकवणे बरे. शिवाय या कौतुकात भट्टीपुढची धग विसरली जाते. फिरोजाबादच्या काचभट्ट्यांत राबणाऱ्या मुलांविषयी १९८०च्या दशकात पुष्कळ लिहिले गेले; ती मुले तिथे कलेच्या ओढीने गेली नव्हती.

पेला घडला तरी काम संपत नाही. बाहेरची काच आधी निवून आखडते, आतली नंतर, आणि ही ओढाताण काचेत कोंडून राहते. म्हणून पेले साडेपाचशे अंशांजवळच्या दुसऱ्या भट्टीत ठेवून सावकाश थंड करतात. ही पायरी चुकवलेला पेला काही दिवसांनी कपाटात, कोणी हातही न लावता, तडकू शकतो. हा कोंडलेला ताण डोळ्यांनी दिसतो. मोबाइल फोनचा किंवा संगणकाचा पांढरा पडदा आणि ध्रुवीकरण करणारा गॉगल यांच्यामध्ये पेला धरावा आणि गॉगल हळूहळू फिरवावा. ताण असलेल्या जागी उजळ-काळे किंवा रंगीत पट्टे उमटतात. प्लॅस्टिकच्या पारदर्शक पट्टीत ते अधिकच ठळक दिसतात, म्हणून सुरुवात तिच्यापासून करावी.

याच ठिकाणी वर्गात हटकून सांगितली जाणारी एक गोष्ट मोडीत काढली पाहिजे. ‘काच हा द्रवच आहे, युरोपातल्या जुन्या चर्चच्या खिडक्यांच्या काचा शतकानुशतके ओघळून खालून जाड झाल्या आहेत.’ ब्राझीलचे एडगर झानोट्टो यांनी १९९८ साली हिशेब मांडून दाखवले की नेहमीच्या तापमानाला काच इतकी ओघळायला विश्वाच्या वयाहूनही कितीतरी अधिक काळ लागेल. २०१७ साली मध्ययुगीन काचेच्या घटकांची काच मुद्दाम बनवून मोजमाप झाले. ती अपेक्षेपेक्षा बरीच कमी घट्ट निघाली, तरी शंभर कोटी वर्षांत तिचा ओघळ सुमारे एक नॅनोमीटर एवढाच भरला. मग त्या काचा जाड-पातळ का? उत्तर पुन्हा फुंकणीपाशी येते. त्या काळी खिडकीची काचही फुंकून, फुगा गरगर फिरवत उघडून तबकडीसारखी पसरत. ती मध्याकडे जाड, कडेकडे पातळ होई. बसवणारा गवंडी जाड कड साहजिकच खाली घेई. काही काचांची जाड कड वर किंवा बाजूलाही सापडते. ओघळण्याच्या गोष्टीला एवढे पुरे.

आता आपल्या जिल्ह्यांकडे. विज्ञानाचा परिच्छेद आणि भूगोलाचा ‘उद्योगांचे स्थानिकीकरण’ हा धडा एकत्र वाचणारा चंद्रपूरचा हुशार मुलगा सहज विचारील : आपल्याकडे वर्धा खोऱ्याचा कोळसा, गडचांदूर-राजुऱ्याकडची चुनखडी, वैनगंगेची हवी तेवढी वाळू, मग काचेचा कारखाना का नाही? वाळूपुरते उत्तर सोपे आहे. नदीची पिवळसर-तपकिरी वाळू म्हणजे शुद्ध सिलिका नव्हे. तिच्यात फेल्स्पार आणि लोहाची संयुगे असतात. स्वच्छ पेल्याच्या वाळूत लोहाचे ऑक्साइड हजारात अर्ध्या भागाहूनही कमी लागते. त्यावर गेले की काच हिरवी दिसू लागते. हा हिरवेपणा झाकायला काचवाले पूर्वीपासून मँगनीज डायऑक्साइडची चिमूट घालत आले, आणि ते देणारी डोंगरी बुजुर्ग ही खाण आपल्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यात आहे. पण हे उत्तर अपुरे आहे, कारण उलट उदाहरणे समोर आहेत.

महाराष्ट्रातले दोन नामांकित काचकारखाने पाहा. घरोघर एकेक पैसा मागण्याची अंताजी दामोदर काळे यांची कल्पना, तिला लोकमान्य टिळकांचे पाठबळ, आणि त्यातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे उभा राहिलेला पैसा फंडाचा काचकारखाना. दुसरा, १९१६ साली औंध संस्थानात कऱ्हाडजवळ निघालेला ओगले बंधूंचा. त्याच्या प्रभाकर कंदिलाने मराठी घरांत रात्रीचा अभ्यास करवला. दोन्ही गावे काळ्या बेसॉल्ट खडकावर बसलेली. जवळपास ना पांढरी वाळू, ना कोळसा. फिरोजाबादलाही वाळू अलाहाबादकडच्या शंकरगढहून जाई आणि कोळसा त्याहून दुरून; १९९६ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर तिथल्या भट्ट्या नैसर्गिक वायूकडे वळल्या, तोही बाहेरूनच येतो. म्हणजे कच्चा माल रेल्वेने येतो. तळेगावला अवघड होते ते दुसरेच : रसाचा रंग पाहून तापमान ओळखणारा डोळा आणि फिरता हात. म्हणून तिथे जपान आणि अमेरिकेत काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांना आणले गेले, आणि कारखान्याने माल काढता काढता माणसे शिकवली. तिथे तयार झालेले लोक पुढे देशभरच्या काचकारखान्यांत गेले.

स्थानिकीकरणाच्या धड्यावर आमचा मुख्य आक्षेप इथे आहे. आपल्या दोन जिल्ह्यांची ओळख त्यात खनिजांची यादी म्हणून होते : कोळसा, चुनखडी, सुरजागडचे लोहखनिज, बांबू. यादी पाठ करणाऱ्या मुलाला नकळत असे शिकवले जाते की आपला मुलूख माल देण्यासाठी आहे आणि घडवण्याचे काम दुसरीकडे होते. भद्रावतीच्या ग्रामोदय संघात माती घडवून भाजण्याचे काम गेली कित्येक दशके शिकवले जाते, हे त्या यादीत बसत नाही. माडिया घरांतला अंबिलीचा भोपळ्याचा तुंबा तर कुठल्याच धड्यात बसत नाही. वास्तविक फुंकलेल्या भांड्याचा आकार समजावायला त्याहून चांगला नमुना नाही : पातळ, सारख्या जाडीची भिंत, अरुंद मान आणि कुठेही सांधा नाही.

आणि काच पाहायला आपल्याला दूर जायचेही कारण नाही. झिलई दिलेल्या भांड्यावरची चकाकी म्हणजे मातीवर वितळून बसलेला काचेचा पातळ थरच. जुन्या लोहभट्ट्यांच्या जागी सापडणारी धातुमळी फोडली की आत काचेसारखा काळा, चकचकीत भाग पुष्कळदा दिसतो. सर्वांत नवलाचा नमुना मात्र औष्णिक वीजकेंद्राच्या राखेत आहे. दळलेल्या कोळशातली माती ज्वालेत क्षणभर वितळते, पृष्ठताणामुळे थेंबासारखी गोल होते आणि स्फटिक बनायच्या आत निवते. उडत्या राखेचा मोठा हिस्सा हा अशा काचेच्या सूक्ष्म गोळ्यांचा असतो. काही गोळ्यांत वायू कोंडून त्यांना आतून फुगवतो. म्हणजे फुंकणीशिवाय फुंकलेली, मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी पोकळ काच. चंद्रपूरच्या धुराड्यांखाली ती वर्षानुवर्षे साठते आहे, आणि शाळेत मात्र ‘काचेचे चार उपयोग’ चालू आहेत.

हा प्रयोग शिक्षकांनी करून पाहावा. राखेच्या विटा करणाऱ्याकडून दोन चमचे उडती राख आणावी. ती कोरडी उधळू देऊ नये, नाकातोंडात जाणे वाईट. आणतानाच ओली करून बाटलीत भरावी. बाटलीत पाणी भरून हलवावे आणि रात्रभर स्थिर ठेवावे. बहुतेक राख तळाशी बसते. पृष्ठभागावर तरंगणारी पांढुरकी साय ड्रॉपरने उचलून काचपट्टीवर घ्यावी आणि शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून शंभरपट मोठी करून पाहावी. गोळे स्पष्ट दिसतात. त्यांत काही जळके, वेडेवाकडे कोळशाचे कणही असतात. ते कोणते आणि गोळे कोणते, हे मुलांना सांगू नये, चित्र काढायला लावावे. तळाच्या ओल्या राखेतून लोहचुंबक फिरवला तर त्याला काही दाणे चिकटतात. तेही काचपट्टीवर घेऊन शेजारी ठेवावेत.