फाल्गुनानंद आणि ‘संस्कृतीकरण’ नावाचं तयार उत्तर

पूर्व नेपाळातले फाल्गुनानंद लिङ्देन (१८८५–१९४९) यांचं चरित्र आपल्यासमोर दोन साच्यांत येतं. अनुयायांच्या साच्यात ते जन्मतःच महागुरू. इलामचा एक गरीब लिंबू मुलगा, मग ब्रिटिश हिंदी सैन्यातली नोकरी, मग साक्षात्कार. दुसरा साचा आपला, म्हणजे समाजशास्त्र वाचलेल्यांचा. दारू सोडा, मांस सोडा, बळी देऊ नका हे ऐकलं की आपण लगेच एम. एन. श्रीनिवासांचा शब्द काढतो: संस्कृतीकरण. झालं, प्रकरण बंद!

मी मूळचा विज्ञानाचा विद्यार्थी, त्यामुळे सगळं समजावणाऱ्या एका शब्दाचा मला जरा संशयच येतो. तो शब्द टाकाऊ आहे असं नाही. १८५४च्या मुलुकी ऐनने लिंबूंना ‘मतवाली’, म्हणजे दारू पिणाऱ्या जातींच्या वर्गात बसवलं होतं. दर्जाच जर पिण्यावरून ठरत असेल, तर दारूबंदीचा उपदेश निव्वळ आध्यात्मिक राहत नाही. इथपर्यंत श्रीनिवास चालतात.

पुढे मात्र अडतं. १९३१ साली पांचथरमधल्या सिलौटी इथे फाल्गुनानंदांच्या पुढाकाराने सत्यधर्म मुचुल्का झाला. मुचुल्का म्हणजे आपला मुचलका, लेखी कबुली. त्यात वधूमूल्य आणि खर्चिक विधी बंद करण्याबरोबरच किरात भाषा-लिपीच्या शिक्षणाचा आग्रह होता. ज्याला फक्त वरच्या जातींसारखं व्हायचंय तो सिरिजङ्गा लिपी कशाला शिकवेल? मुन्धुम ही मौखिक परंपरा, तीच धर्माचा पाया का मानेल? साच्यात हे बसत नाही, म्हणून बरेचदा एका ओळीत उरकलं जातं.

खर्चाचा मुद्दा तर मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. लिंबूंची सामूहिक हक्काची जमीन म्हणजे किपट. ती बाहेरच्याला विकता येत नसे, पण गहाण ठेवता येई. लायोनेल कॅप्लन यांनी इलाममधल्या अभ्यासात (पुस्तक १९७०चं) ही गहाण जमीन ब्राह्मण सावकारांकडे कशी जात होती ते दाखवलंय. आता मुचुल्का पुन्हा वाचा. लग्नाचा, मर्तिकाचा खर्च कमी करा हा उपदेश जमीन वाचवण्याचाही होऊ शकतो. हा माझा अंदाज आहे, पुरावा नाही. तो तपासायचा तर उपदेशांच्या पोथ्या बाजूला ठेवून गहाणखतं उघडावी लागतील.

अनुयायांच्या साच्याची अडचण वेगळी. जुन्या विधींत जाँड लागते, बळी लागतो, आणि ते विधी करणारा फेदाङ्मा आजही आहे. सगळे लिंबू सत्यहाङ्मा पंथात गेले नाहीत. पण चरित्रांत हा फेदाङ्मा येतो तो मागासलेपणाचा नमुना म्हणून. त्याला काय म्हणायचंय हे कुणी विचारत नाही. २००९ साली नेपाळ सरकारने फाल्गुनानंदांना राष्ट्रीय विभूती घोषित केलं, तेव्हापासून तर विचारणं आणखी अवघड झालंय.

आणि हो, ‘नेपाळचे फुले’ असं शीर्षक कृपया देऊ नका. सत्यशोधकातलं ‘सत्य’ आणि सत्यहाङ्मातलं ‘सत्य’ हा फक्त शब्दांचा योगायोग आहे. फुल्यांनी पुरोहितशाहीवरच घाव घातला. इथे नवा गुरू आणि नवा विधी उभा राहिला. तुलना करायचीच तर याच फरकापासून सुरू करा.