शोधाचे मोल : एका सशुल्क शोधयंत्राचे परीक्षण

संशोधकाने आपली साधने प्रथम पारखून घ्यावीत, हा दंडक हस्तलिखितांच्या बाबतीत आपण कटाक्षाने पाळतो. पोथी कोणाच्या संग्रहातील, लेखनिक कोण, पाठ कोठे भ्रष्ट झाला, याची चौकशी केल्यावाचून आपण पुढे जात नाही. परंतु ज्या शोधयंत्रापासून आज आपल्यापैकी बहुतेकांच्या वाचनाचा आरंभ होतो, त्याची अशी चौकशी क्वचितच होते. संदर्भांचा क्रम कोणी लावला आणि कोणाच्या हितासाठी लावला, हा प्रश्न पाठचिकित्सेइतकाच मूलभूत होय. 'कागी' या सशुल्क शोधयंत्राचा महिनाभर उपयोग करून प्रस्तुत लेखकाने या प्रश्नाचा जो विचार केला, तो येथे मांडला आहे.

सर्जी ब्रिन व लॅरी पेज यांनी १९९८ सालच्या आपल्या निबंधात एक इशारा दिला होता. जाहिरातींवर पोसलेले शोधयंत्र स्वभावतःच जाहिरातदाराकडे झुकेल आणि वाचकाच्या गरजेपासून दुरावेल, असा त्याचा आशय होता. पुढे त्यांच्याच गूगलचा डोलारा जाहिरातींवर उभा राहिला. नेमक्या माणसापुढे नेमकी जाहिरात ठेवावयाची, तर त्याच्या पृच्छांची नोंद ठेवणे ओघानेच येते. ही नोंद निरुपद्रवी नसते. २००६ साली एओएल या कंपनीने सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांच्या दोन कोटींच्या आसपास पृच्छा अभ्यासकांसाठी खुल्या केल्या. नावे काढून केवळ क्रमांक ठेवले होते. तरीही वार्ताहरांनी पृच्छांवरूनच एका स्त्रीचा माग काढला. माणूस काय शोधतो यावरून तो कोण हे कळते, असा याचा अर्थ. बंदी घातलेले वाङ्मय, जातिसंघर्ष किंवा मनोविकार यांचा अभ्यास करणाऱ्याला हा धोका वेगळा समजावून सांगावयास नको.

'कागी' हा जपानी शब्द असून त्याचा अर्थ किल्ली असा आहे. व्लादिमिर प्रेलोवाक यांनी स्थापन केलेले हे अमेरिकी शोधयंत्र २०२२ साली सर्वांसाठी खुले झाले. येथे जाहिरात नाही, उत्पन्न वर्गणीचे. अमर्याद शोधासाठी महिना दहा डॉलर, म्हणजे आठशे रुपयांहून अधिक, द्यावे लागतात. एखादे संकेतस्थळ वर आणणे, खाली ढकलणे वा पूर्णतः वगळणे, हा अधिकार वाचकाला दिलेला आहे. विशिष्ट प्रकारच्या स्थळांपुरताच शोध मर्यादित करणारी 'भिंगे'ही आहेत.

औषध, विमा, प्रवास अशा बाजारी विषयांत या व्यवस्थेचा गुण तत्काळ जाणवतो. विकत घेतलेल्या जागा नाहीशा झाल्यामुळे पहिला संदर्भ पहिला का आहे, याविषयीचा एक मोठा संशय मिटतो. मात्र वगळण्याच्या अधिकाराविषयी सावध राहिले पाहिजे. जाहिरातदाराचा पक्षपात गेला तरी त्याच्या जागी आपला स्वतःचा पक्षपात बसू शकतो. न रुचणारे मत देणारे स्थळ एकदा वगळले की प्रतिपक्षाचा आवाज पुन्हा कानी पडत नाही. आणि पूर्वपक्ष न ऐकता केलेला सिद्धान्त लंगडाच राहतो.

गुप्ततेचा प्रश्नही वाटतो तितका सरळ नाही. पृच्छा खातेदाराशी जोडून साठविल्या जात नाहीत, असे कंपनी सांगते. परंतु वर्गणीदाराचे खाते असतेच आणि शोधही त्याच खात्यातून होतो. फेब्रुवारी २०२५ पासून 'प्रायव्हसी पास' या योजनेद्वारे, आपण कोण हे न सांगता केवळ आपण वर्गणीदार आहोत एवढेच सिद्ध करता येते. शब्दावरील विश्वासाच्या जागी गणिती पुरावा ठेवण्याचा हा प्रयत्न स्तुत्य होय.

खरी मर्यादा दिसते ती मराठी विषयांत. 'कागी' सर्व महाजाल स्वतः पिंजून काढीत नाही. स्वतःच्या सूचीबरोबर ते इतरांच्या सूचींतूनही संदर्भ घेते. तेव्हा जे तेथे नाही ते येथेही बहुधा नसणार. १८६७ साली निघालेल्या 'विविधज्ञानविस्तारा'सारख्या नियतकालिकाची पाने केवळ छायाप्रतींच्या रूपात असतील, तर त्यांतील शब्द यंत्राला वाचता येत नाहीत. युनिकोडपूर्व टंकांत साठविलेला मजकूर यंत्राच्या लेखी निरर्थक अक्षरांची रास ठरतो. शिवाय १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांपूर्वीचे 'नाहीं' आणि आजचे 'नाही' हे यंत्राला दोन भिन्न शब्द आहेत. जुन्या लेखाचा शोध घेताना दोन्ही रूपे देऊन पाहावी लागतात. यांपैकी कोणताही दोष वर्गणी भरून दूर होत नाही.

यावरून निष्कर्ष असा निघतो की, सशुल्क शोधयंत्र हेतूचा प्रश्न सोडविते, संग्रहाचा नव्हे. ते वाचकाशी इमान राखू शकेल. पण जे कोणी सूचीत आणलेच नाही, ते त्याला देता येणार नाही. हे इमानही टिकाऊ असेलच असे नाही. गूगलच्या जाहिरात विभागाचे एकेकाळचे प्रमुख श्रीधर रामस्वामी यांनी २०१९ साली सहकाऱ्यासह 'नीवा' हे जाहिरातमुक्त शोधयंत्र स्थापन केले. सामान्य वाचकांसाठीची ती सेवा २०२३ साली बंद पडली.

म्हणून विद्यार्थ्याने एकट्याने हा भार उचलावा, असे सुचविणे योग्य होणार नाही. नियतकालिकांप्रमाणे याचीही वर्गणी विभागाच्या ग्रंथालयाने भरून पाहावी. परंतु त्याहून अधिक निकडीचे काम आपल्याच कपाटांत आहे. जुन्या अंकांचा मजकूर युनिकोडमध्ये उतरवून, दोन्ही लेखनपद्धतींनी सापडेल अशा रीतीने त्याची सूची करणे, हे ते काम होय. ते दुसरे कोणी आपल्यासाठी करील, अशी अपेक्षा धरण्यात अर्थ नाही.