अटकेचा प्रसंग आणि मागे राहिलेले मूल

बसवकल्याण तालुक्यातील मुडबी येथील एका मराठी शिक्षकाने मध्यंतरी आम्हांस विचारले, ‘आईबापांस पोलीस धरून नेतात, तेव्हा मागे राहिलेल्या मुलाचे काय होते, हे दाखविणारे मराठीत काय आहे?’ प्रश्न केवळ पुस्तकी नव्हता. त्यांच्याच जिल्ह्यात, बीदरच्या शाहीन शाळेत, जानेवारी २०२० मध्ये मुलांनी नागरिकत्वाच्या कायद्यावर एक नाटुकले केले. त्यावरून राजद्रोहाचा गुन्हा नोंदला जाऊन ३० जानेवारीस मुख्याध्यापिका व एका विद्यार्थिनीची आई यांस अटक झाली. ही आई एकटीच मुलीचा सांभाळ करीत होती. फेब्रुवारीच्या मध्यास जामीन मिळेपर्यंत मुलगी दुसऱ्यांच्या आश्रयाने राहिली. शाळेतील मुलांचीही पोलिसांनी वारंवार चौकशी केली. गणवेशात व शस्त्रांसह केलेली ती चौकशी सकृद्दर्शनी बालन्याय कायद्याचा भंग करणारी आहे, असे कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटले. आणि जून २०२३ मध्ये त्याच न्यायालयाच्या कलबुर्गी खंडपीठाने शाळेच्या चालकांवरील खटला रद्द केला.

शिक्षकाच्या प्रश्नास आम्हांस तत्काळ उत्तर सुचले नाही, हे कबूल केले पाहिजे. मराठीत तुरुंगवाङ्मय विपुल आहे. परंतु त्याची दृष्टी बंदिवानाची असते. गाडी निघून गेली की लेखकही तिच्याबरोबर निघून जातो. माता आणि मूल यांचे मराठीतील सर्वांत लाडके पुस्तक, ‘श्यामची आई’, साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगातच लिहिले. पण तेथे तुरुंग हे लेखनाचे स्थळ आहे, कथेचा विषय नव्हे.

अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’त (१९५९) हा विषय अधिक जवळ येतो. नायक हाती लागत नाही म्हणून सरकार त्याच्या माणसांस डांबते, आणि त्यांच्यासाठी तो स्वतः हजर होतो. प्रसंग भव्य आहे, यात संशय नाही. परंतु डांबलेली माणसे तेथे नायकाच्या त्यागाचे कारण म्हणून उभी आहेत. त्यांतील एखाद्या पोराचा चेहरा वाचकाच्या ध्यानी राहत नाही. वीरकथेस तो अवकाशच नसतो, म्हणून हा दोष आम्ही लेखकाच्या माथी मारीत नाही.

खरी कलाटणी लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ने दिली. लेखक लातूरकडचे, म्हणजे बीदरच्या शेजारचेच. त्यांची जमात ज्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या छायेत वाढली, तो १८७१ चा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पण मुलांच्या बाबतीत त्याचा इतिहास विशेष क्रूर आहे. १८९७ च्या दुरुस्तीने चार वर्षांच्या मुलासही आईबापांपासून तोडून सुधारगृही ठेवण्याचा अधिकार सरकारांस दिला होता. राज्य मुलास विसरत होते असे नव्हे. पाहत होते ते भावी गुन्हेगार म्हणून. ‘उचल्या’तील पोर तीच दृष्टी खालून परतवते. पोलीस घरात शिरतात, मोठी माणसे मार खातात, आणि हे सारे पोराच्या उंचीवरून दिसते. कमावता माणूस पकडला गेला की पुढचा प्रश्न न्यायाचा नसून भाकरीचा असतो.

या पुस्तकास १९८८ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आम्ही समीक्षकांनी मात्र बहुधा त्यास ‘सामाजिक दस्तऐवज’ म्हणून गौरविले आणि बाजूस ठेविले. ही पळवाट होती. निवेदन कोणाच्या डोळ्यांनी होते, हा निखळ वाङ्मयीन प्रश्न आहे. उणीवही सांगितली पाहिजे: घटनांची गर्दी इतकी की धाड संपताच निवेदन पुढच्या संकटाकडे धावते. धाडीनंतरची रात्र, ते रिकामे अंथरूण, यावर ते पुरेसे थांबत नाही. कधी प्रौढ कार्यकर्ता मधेच बोलू लागतो आणि पोर गप्प होते.

कायद्याचेही निवेदन असेच घाईचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात अटकेसंबंधी अकरा सूचना दिल्या: पंचनामा असावा, नातलगास वा मित्रास कळवावे, वैद्यकीय तपासणी व्हावी. घरात मूल आहे काय, असे विचारण्याची सूचना त्यांत नाही. २००६ च्या उपाध्याय खटल्यात सहा वर्षांपर्यंतच्या मुलास बंदिवान आईजवळ राहता येईल असे ठरले. सातव्या वर्षाचे मूल पुन्हा दाराबाहेरच. २०१५ चा बालन्याय कायदा निराधार मुलास चोवीस तासांत बालकल्याण समितीपुढे आणण्यास सांगतो. पण त्यासाठी ते मूल आधी कोणाच्या तरी दृष्टीस पडावयास हवे. अमेरिकेत २०१४ मध्ये पोलीस-प्रमुखांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने एक आदर्श धोरण काढले: अटकेपूर्वी घरात मुले आहेत काय ते पाहावे, शक्य तर त्यांच्यादेखत अटक करू नये, आणि त्यांस विश्वासू माणसाच्या हाती सोपवूनच निघावे. गद्य रूक्ष आहे. परंतु त्यात मूल दिसते.

मुडबीच्या शिक्षकास आम्ही ‘उचल्या’ आणि ‘फकिरा’ अशा दोन्ही प्रती पाठविल्या. धाडीचे एक प्रकरण वर्गात वाचून झाल्यावर, त्या रात्री ते मूल कोठे निजले, एवढेच मुलांस लिहावयास सांगावे, असे सोबत कळविले आहे. त्या वह्या आम्हांस वाचावयाच्या आहेत.