शेवटची ओव्हर आणि फिरणारं चाक

आजचा विषय घरचाच आहे. चिंचणी, वाणगाव, बोईसर, तारापूर या आपल्या पट्ट्यातलं टेनिस क्रिकेट. पूर्वी स्पर्धेच्या पत्रिकेवर बक्षिसं ठळक छापायचे, आता शेजारी ‘यूट्यूबवर थेट प्रक्षेपण’ ही ओळही लागते. नाटकाचं परीक्षण आपण करतो, मग या प्रक्षेपणाचं का नको?

एक अंतिम सामना आम्ही मुंबईत बसून मोबाइलवर बघत होतो. चार चेंडूंत नऊ धावा हव्या, आणि पडद्यावर ते गोल चाक फिरायला लागलं. चित्र परत आलं तेव्हा चषक उचलून झाला होता. आम्ही चिडलो, नंतर विचार केला तर यात नवल काहीच नव्हतं. साखळी सामन्याला मैदानावर मोजकी माणसं असतात. फायनलला गर्दी लोटते, प्रत्येकाच्या हातात फोन, आणि सगळे एकाच टॉवरवर. म्हणजे बघणारे सर्वांत जास्त असतात, नेमकी तेव्हाच वाट तुंबते.

२०१६ साली जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि लाइव्ह म्हणजे फुकट असं आपल्या डोक्यात बसलं. पण आपल्याला डेटा खाली उतरवायचा असतो, मैदानावरच्या पोराला तो वर चढवायचा असतो. बऱ्यापैकी एचडी चित्राला सेकंदाला सहा मेगाबिट धरा. तासाला २.७ जीबी, नऊ तासांच्या दिवसाला चोवीसच्या वर. त्याचे पैसे फार होत नाहीत हो! अवघड आहे ते ‘सलग’. त्यासाठी मैदानापर्यंत फायबरची लाइन ओढावी, नाहीतर दोन-तीन कंपन्यांची सिमकार्डं एकत्र वापरणारं यंत्र भाड्यानं आणावं. मंडळं काय करतात? ड्रोन आणतात. वरून माड दिसतात, समुद्र दिसतो, छान दिसतं. चेंडू दिसत नाही.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. हल्ली पंच रनआउटसाठी याच चित्राकडे धाव घेतात. सेकंदाला पंचवीस चित्रं धरली, तर दोन चित्रांमध्ये सेकंदाचा पंचविसावा भाग जातो. तेवढ्यात जोरात पळणारा फलंदाज वीसेक सेंटिमीटर पुढे सरकतो. त्यात कॅमेरा एकच, तोही गोलंदाजाच्या मागे. क्रीजच्या रेषेत बाजूला कॅमेरा नसेल तर त्या चित्रावरून बाद देणं म्हणजे अंदाजच, फक्त पडद्यावर दाखवलेला. हरलेला संघ मात्र तीच क्लिप वर्षभर फिरवत भांडतो.

आणि पैसा कुणाचा? आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना गेले. तिथे दाखवणारा आयोजकाला पैसे देतो. आपल्याकडे उलटं, आयोजक दाखवणाऱ्याला देतो. मग ते वसूल कुठून करायचे? प्रायोजकांच्या पट्ट्यांतून, ज्या नेमक्या धावफलकावर येऊन बसतात. आणि प्रवेश फीतून. फी वाढली की पहिला गळतो तो पाड्यावरचा संघ. त्यांच्यातला डावखुरा गोलंदाज कितीही चांगला असो, तो पडद्यावर येतच नाही.

म्हणून पुढच्या पत्रिकेवर ती ओळ दिसली, की मंडळाच्या पोरांना आपण दोनच गोष्टी विचारू. लाइन कुठून ओढलीय? आणि यंदा फी किती?